गिटार कोणाची, ग्लास कोणाचा?

नाशिकमध्ये आता रेड वाईन कानांनीही पितात. पूर्वी वायनरीत आलेल्या पाहुण्याला वाईनबरोबर चीज कोणते खावे एवढेच सांगत. आता कोणत्या लाल वाईनबरोबर गिटारीचा कोणता सूर ऐकावा, हेही सांगितले जाते. गंगापूर धरणाच्या बाजूला आणि दिंडोरीच्या रस्त्याला शनिवार-रविवारी संध्याकाळी मुंबई-पुण्याच्या गाड्या लागतात, हिरवळीवर खुर्च्या मांडल्या जातात आणि कोपऱ्यात एक पोरगा स्टुलावर बसून गिटार वाजवत असतो.

या विषयावर लिहिणार म्हटल्यावर चळवळीतल्या काही मित्रांना हसू आले. "ताई, अॅट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, पोरांच्या शिष्यवृत्त्या अडकल्यात, आणि तुम्ही वाईनवर लिहिणार?" होय, लिहिणार. ती द्राक्षे जिथे पिकतात तो दिंडोरी तालुका कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचा आहे. ती खुडणारे हात भूमिहीनांचे आहेत. आणि स्टुलावर बसलेला तो पोरगा माझ्या ओळखीचा आहे. ग्लास तेवढा दुसऱ्याचा.

मागच्या हिवाळ्यात अशाच एका कार्यक्रमाला मी गेले होते. एमएला माझ्याबरोबर असलेली एक मैत्रीण आता हॉटेलच्या धंद्यात आहे, तिच्याकडे जादा पास होता. दारातच सांगितले की मी पंचशील पाळते, पिणार नाही. त्यांनी काही खळखळ न करता द्राक्षाचा रस हातात दिला. त्यामुळे पुढे जे सांगते आहे ते जिभेने घेतलेले नाही, कानाने आणि डोळ्याने घेतलेले आहे. समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला तसेही पिण्यापेक्षा पिणाऱ्यांकडे बघणे जास्त कामाचे.

चार वाईन होत्या आणि चार गिटारवादने. पहिली टेम्प्रानिलो. ही द्राक्षाची जात मूळची स्पेनची, म्हणून तिच्यासोबत नायलॉनच्या तारांची स्पॅनिश गिटार. दुसरी झिनफँडेल, पिकल्या फळाच्या मुरांब्यासारख्या वासाची. तिच्यासोबत बोटांनी हळुवार छेडलेली धून. तिसरी शिराझ. हिच्यात काळ्या मिरीचा झणका असतो म्हणतात. तिच्यासोबत स्टीलच्या तारांवर काचेची नळी घसरवत वाजवलेला ब्लूज. चौथी कॅबर्ने सोव्हिन्यों, सगळ्यांत जड आणि तुरट. तिच्यासोबत इलेक्ट्रिक गिटारीचा गुरगुरता रॉक.

या जोड्यांमागे थोडे शास्त्र आहे, ते नाकारायचे कारण नाही. लाल वाईन काळ्या द्राक्षाच्या रसात साली आणि बिया ठेवूनच आंबवतात. रंग सालीतून येतो आणि टॅनिन साली-बियांतून. टॅनिन म्हणजे तोच तुरटपणा, जो कच्च्या जांभळाने किंवा जास्त उकळलेल्या कोऱ्या चहाने जिभेला येतो. खर्जातले सूर ऐकताना माणसाला कडू-तुरट जास्त जाणवते आणि वरचे, बारीक सूर ऐकताना गोड जास्त जाणवते, असे चव आणि आवाज यांचा एकत्र अभ्यास करणारे सांगतात. त्या संध्याकाळी यजमानांनी एक गंमतही केली. कॅबर्ने दोनदा ओतली, पण दुसऱ्यांदा ती तीच आहे हे सांगितले नाही. पहिल्यांदा रॉक वाजला, दुसऱ्यांदा नायलॉनच्या तारांची संथ धून. दुसऱ्या ग्लासाला बहुतेकांनी "मऊ" म्हटले. एक गृहस्थ तर म्हणाले, ही नक्की जास्त महागाची आहे.

मला त्या गृहस्थांचे वाक्य फार महत्त्वाचे वाटले. सुरामुळे वाईनचा भाव वाढला, हे त्यांनी न कळत सांगितले होते.

हे काही नाशिकलाच घडते असे नाही. १९९३ साली अमेरिकेत अरेनी आणि किम या दोन अभ्यासकांनी वाईनच्या एका दुकानात काही दिवस अभिजात पाश्चात्त्य संगीत लावले आणि काही दिवस चालू हिट गाणी. अभिजात संगीताच्या दिवशी गिऱ्हाइकांनी जास्त महाग बाटल्या उचलल्या. १९९७ साली ब्रिटनमध्ये एड्रियन नॉर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका सुपरमार्केटात एक दिवस फ्रेंच अकॉर्डियन आणि एक दिवस जर्मन बिअरखान्यातले संगीत असे आळीपाळीने वाजवले. फ्रेंच सुरांच्या दिवशी फ्रेंच वाईनच्या ४० बाटल्या गेल्या आणि जर्मन वाईनच्या ८. जर्मन सुरांच्या दिवशी जर्मन २२ आणि फ्रेंच १२. नंतर विचारले तेव्हा ४४ पैकी फक्त ६ जणांनी कबूल केले की संगीताचा आपल्यावर परिणाम झाला असावा. याच नॉर्थ यांनी पुढे २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, संगीत जड असेल तर तीच वाईन जड वाटते आणि हलके असेल तर हलकी वाटते, असे दाखवले.

म्हणजे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेला वादक हा शोभेचा नाही. तो विक्रेता आहे. फक्त त्याला विक्रेत्याचा पगार मिळत नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९७९ सालच्या 'डिस्टिंक्शन' या ग्रंथात मांडले की आवडनिवड ही माणसाची खासगी बाब नसते. ती त्याचा वर्ग सांगते आणि इतरांना त्यांची पायरीही दाखवते. आपल्याकडे या पायरीला वर्गाच्या आधी जात आहे. बोर्द्यूंना हलगी माहीत नव्हती. चामडे ताणलेले वाद्य कोणी वाजवायचे, ते गावाच्या कोणत्या बाजूला वाजायचे आणि ते वाजवणे ही कला मानायची की वेठ, हे आपल्याकडे शेकडो वर्षे ठरलेले होते. हलगी वाजली की "गोंगाट" आणि गिटार वाजली की "माहोल" हा फरक कानाने केलेला नाही.

आता बाटलीकडे येऊ. सुला वाइनयार्ड्सच्या एका प्रसिद्ध लाल वाईनचे नाव 'दिंडोरी रिझर्व्ह शिराझ' आहे. मुंबईच्या, दिल्लीच्या हॉटेलात माणसे दिंडोरीचे नाव घेऊन ग्लास उचलतात. 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. या मातीची, हवेची, उंचीची चव म्हणून आपल्या जिल्ह्याचे नाव बाटलीवर चढले. चांगले आहे. पण दिंडोरी म्हटले की आमच्या घरात दुसरेच नाव निघते. दादासाहेब गायकवाड १९०२ साली याच तालुक्यातल्या आंबे गावी जन्मले. १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह त्यांनी नाशकात उभा करून वर्षानुवर्षे चालवला, आणि पुढे १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ च्या ६ डिसेंबरपासून भूमिहीनांचे सत्याग्रह केले. मागणी साधी होती: पडीक आणि सरकारी जमीन कसणाऱ्या भूमिहीनांना द्या. त्यासाठी देशभरात लाखो माणसांनी तुरुंगवास पत्करला. बाटलीवरची दिंडोरी आणि दादासाहेबांची दिंडोरी एकच आहे. मधल्या काळात जमीन कोणाची झाली आणि मजूर कोण राहिला, एवढा प्रश्न उरतो.

द्राक्षाच्या हंगामात पहाटे दिंडोरीच्या रस्त्याला उभे राहा, उत्तर पिकअपमध्ये उभे असलेले दिसेल. पेठ, सुरगाणा भागातून कोकणा, महादेव कोळी, वारली कुटुंबे ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्या सुमाराला खाली उतरतात. सोबत आपल्या वस्त्यांतल्या बायका असतात. वाईनच्या द्राक्षाला खाण्याच्या द्राक्षाइतकी निगा लागत नाही. घड संजीवकाच्या पाण्यात बुडवत नाहीत, मण्यांची विरळणी बहुधा करत नाहीत. पण छाटणी, फेलफूट काढणे, काड्या बांधणे आणि जानेवारी ते मार्चमधला खुडा ही कामे बऱ्याच ठिकाणी आजही हातानेच होतात. डोक्यावर हात करून तासन्‌तास वेलीखाली उभे राहिलेल्या बाईची मान आणि खांदे संध्याकाळी काय बोलतात, ते मी महिला मंडळाच्या बैठकीत ऐकते. तिथेही संगीत असते बरे. कमरेला खोचलेल्या मोबाईलवर ओळीच्या एका टोकाला भीमगीत वाजत असते, दुसऱ्या टोकाला पावरी. शिराझच्या वेलीने वर्षभर ऐकलेले संगीत हेच. त्या द्राक्षाला चार महिने भीमगीत चालले, ग्लासात गेल्यावर मात्र त्याला ब्लूज लागतो.

"वाईन म्हणजे दारू नव्हे" हे वाक्य २०२२ च्या जानेवारीत आपण सगळ्यांनी ऐकले. २७ जानेवारीला तेव्हाच्या राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटांत वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला आणि शेतकऱ्याच्या हिताचे नाव पुढे केले. विरोध झाला, निर्णय अमलात आला नाही. पण वाक्य राहिले. ते कायद्याला धरून नाही, कारण वाईनही त्याच महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कक्षेत येते. आणि ते धम्मालाही धरून नाही. पाचव्या शीलात तीन शब्द आहेत, सुरा, मेरय आणि मज्ज. विनयपिटकात मेरयाचा अर्थ सांगताना फुलांचा, फळांचा, मधाचा, गुळाचा आसव असे प्रकार दिले आहेत. फळांचा आसव म्हणजे आणखी काय? अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भिक्षूंना या पळवाटेची कल्पना होती असे दिसते. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याकडून दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेतली, तिच्यातही टक्केवारी दिलेली नाही.

दुसरी बाजूही बघा. मोहाच्या फुलांचाही आसवच होतो. ब्रिटिशांनी १८९२ साली मुंबई इलाख्यात मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा केला आणि आदिवासीच्या अंगणात वाळत पडलेले फूल संशयित झाले. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि वाईनला सवलती मिळाल्या. झाडाखाली वेचलेल्या फुलाच्या वाट्याला पोलीस, मांडवावर चढवलेल्या फळाच्या वाट्याला महोत्सव. मी मोहाच्या दारूची वकिली करत नाही. व्यसनमुक्तीचे काम करताना मी हातभट्टीने, देशीने आणि महागड्या बाटलीने गेलेली माणसे पाहिली आहेत, आणि यकृताला ब्रँड कळत नाही. पण कायद्याला मात्र ब्रँड चांगला कळतो.

मग गिटारीचे काय? तिलाही वाईनबरोबर बाहेर काढायचे का? इथे मी आपल्या काही ज्येष्ठांपासून वेगळी होते. गिटार ही "त्यांची" असा आपल्याकडे एक समज आहे: कॉन्व्हेंटच्या पोरांची, कॅम्पफायरची, सिनेमातल्या श्रीमंत नायकाची. त्या संध्याकाळच्या जोड्याच पुन्हा बघू.

टेम्प्रानिलोबरोबर जी स्पॅनिश गिटार वाजली, तिच्यातल्या फ्लामेंकोची घडण अंदालुसियाच्या हितानो लोकांनी केली. हितानो म्हणजे स्पेनमधले रोमा. रोमांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून बाहेर पडले. त्यांच्या भाषेतून हे सिद्ध झाले आहे. तिकडे त्यांना काय मिळाले? १७४९ साली स्पेनच्या राजाने देशातल्या सगळ्या हितानोंना एकाच वेळी पकडण्याचा हुकूम काढला. बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. गावाबाहेर ठेवलेल्या माणसांनी जे वाद्य आपल्या दुःखासाठी जवळ केले, ते आज चीजच्या तुकड्याबरोबर ऐकले जाते.

शिराझबरोबरचा ब्लूज तर आपल्या आणखी जवळचा. मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यांत, गुलामगिरी कागदावर संपल्यानंतरही वाट्याने आणि कर्जाने बांधल्या गेलेल्या काळ्या शेतमजुरांनी तो घडवला. बी. बी. किंग १९२५ साली अशाच मळ्यावर जन्मले, त्यांनी कापूस वेचला. गिटार घ्यायला पैसे नसलेली तिथली पोरे झोपडीच्या भिंतीवर खिळे ठोकून त्यांत एक तार ताणत आणि त्यावर बाटली घसरवून सूर काढत. त्याला डिडली बो म्हणतात. एका तारेवर अख्खी जिंदगी सांगायची ही रीत आपल्याला कोणी शिकवायला नको. आपल्या शाहिराच्या मागे उभे असलेले तुणतुणे हेच करते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले, आणि कोणी म्हटले नाही की हे परके आहे.

दक्षिण आफ्रिकेची एक गोष्ट मी पोरांना नेहमी सांगते. केप प्रांतातल्या द्राक्षमळ्यांवर मजुरीचा काही भाग वाईनच्या रूपाने देण्याची पद्धत होती, तिला डॉप म्हणत. दिवसातून अनेकदा मजुराच्या हातात वाईनचा डबा. १९६० च्या दशकात कायद्याने ती बंद झाली, तरी मळ्यांवर पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. तिथल्या पिढ्यान्‌पिढ्या व्यसनात गेल्या, पोटातली बाळे त्याच्या खुणा घेऊन जन्मली. वाईन ही सभ्य माणसाची दारू असे ज्यांना वाटते त्यांनी केपच्या मजुराला विचारावे. तिथे वाईन ही मालकाने मजुराच्या गळ्यात घातलेली साखळी होती.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की या जोडीतले दोघे एका घरचे नाहीत. गिटार मळ्यावरच्या मजुराची, ग्लास मळ्याच्या मालकाचा. आणि पाश्चात्त्य तंतुवाद्य म्हणून नाक मुरडणाऱ्यांना आठवण करून द्यावी लागेल की बाबासाहेब स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकत होते. चेन्नईत कास्टलेस कलेक्टिव्हने पराईच्या शेजारी गिटार उभी केली. मुंबईत कबीर शाक्य यांच्या धम्म विंग्ज बँडने बुद्ध आणि बाबासाहेब रॉकमध्ये आणले. आपल्या भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रातही गिटार आहेच, फक्त तिच्याकडे कोणी बघत नाही.

आता त्या पोराविषयी. तो आमच्या वस्तीतला, बावीस वर्षांचा. मोबाईलवर बघून गिटार शिकला. शनिवारी संध्याकाळी एका वायनरीच्या रेस्टॉरंटमध्ये दोन तास वाजवतो, पंधराशे रुपये मिळतात. पीत नाही, हे मी खात्रीने सांगते. त्याची आई दिंडोरी तालुक्यातल्या गावची, लग्नाआधी आणि नंतरही द्राक्षाच्या कामाला गेलेली. एक दिवस ती माझ्याकडे आली.

"ताई, तुम्ही सांगा त्याला. त्याच्या बापाला देशीनं नेलं. हा म्हणतो, मी पीत नाही, मी फक्त वाजवतो. मग पाजणाऱ्याच्या दारात बसून वाजवायचं कशाला?"

तो मागेच उभा होता. तो म्हणाला, "आई, चौदा एप्रिलला ट्रकवर वाजवायला तू पाठवतेस ना? तिथं ट्रकच्या मागं काय चालतं ते ताईंना विचार."

याचे उत्तर आपण सगळ्यांनी द्यायचे आहे. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीमागे आपली पोरे काय पितात हे आपल्याला माहीत नाही का? तीही जोडीच आहे, दारू आणि आवाजाची, आणि ती कोणत्याही वायनरीने लावलेली नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कसबे सुकेण्याचे भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी १९३० च्या दशकात जलसे उभे केले. आज तो सगळा निफाडचा पट्टा द्राक्षाचा आहे. त्या जलशांनी तमाशाचा साज घेतला, ढोलकी-तुणतुणे घेतले, आणि त्यातली नशा आणि अंधश्रद्धा बाहेर काढली. वाद्य ठेवून दारू वेगळी करता येते हे त्यांनी नव्वद वर्षांपूर्वी करून दाखवले. आपण मधल्या काळात दारू ठेवली आणि तुणतुणे हरवले.

पण पोराचे उत्तर बरोबर असले तरी आईचा प्रश्न संपत नाही. बुद्धांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यांत मद्याचा व्यापार आहे. तो म्हणतो, मी सूर विकतो, मद्य नाही. सुपरमार्केटमधला तो प्रयोग माहीत नसता तर मी लगेच मान हलवली असती. पण सूर बाटली विकतो हे आकड्यांत दिसले आहे. मी त्याला सगळे सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे ताई, माझे पंधराशे कमीच आहेत." हेही खरेच आहे! मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. मागच्या महिन्यात त्याने शिराझच्या फेरीला ब्लूजऐवजी वामनदादा कर्डकांच्या एका गीताची चाल वाजवली, शब्दांशिवाय, तारेवर नळी घसरवत. एका पाहुण्याने येऊन विचारले, हा कुठला ब्लूज? तो म्हणाला, सिन्नर तालुक्यातला. वामनदादा सिन्नरच्या देशवंडीचे, त्यामुळे खोटे तो बोललाच नाही. मला हसू आले आणि रागही आला. वामनदादांची चाल, आणि तिने बाटली खपावी!

"वाजवू नकोस" असे मी त्याला म्हटले नाही. त्याच्या कॉलेजची फी त्या शनिवारांतून जाते आणि ती मी भरणार नाही. पर्याय न देता शील सांगणे हे किर्तनकाराचे काम आहे. त्याऐवजी महिला मंडळाच्या बैठकीत त्याला गिटार घेऊन बोलावले. विहाराच्या ओट्यावर वीसेक बायका होत्या, निम्म्या द्राक्षाच्या कामाच्या. प्रत्येकीला कोरा चहा दिला, बिनसाखरेचा, चांगला कडक उकळलेला. टॅनिन तेच. आधी त्याला खर्जातले, खरखरीत वाजवायला सांगितले, मग नायलॉनच्या तारांवर बारीक, वरचे सूर. चहा एकाच पातेल्यातला. एक आजी दुसऱ्या घोटाला म्हणाल्या, "आता साखर टाकली का गं?" दुसरी म्हणाली, तिला काही फरक कळला नाही, चहा वाईटच आहे. पोराची आई काही बोलली नाही, पण तिने त्याला तीच दुसरी धून पुन्हा वाजवायला लावली. चव बदलायला सूर पुरतो, अल्कोहोल लागत नाही, एवढे त्या ओट्यावर सगळ्यांनी आपापल्या जिभेवर पाहिले.

त्यातून ठरले की १४ ऑक्टोबरला, नागपूरच्या धम्मदीक्षेच्या दिवशी, संध्याकाळी त्याचे वादन ठेवायचे. शेजारच्या वस्तीत तुणतुणे वाजवणारे एक जुने शाहीर आहेत, तेही तयार झाले. विषय अडला तो मानधनावर. वर्गणीच्या बैठकीत एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "समाजाच्या कामाचे पैसे कसले घ्यायचे?" मी विचारले, डीजेला किती देतो आपण? ते म्हणाले, डीजेवाला बाहेरचा असतो. म्हणजे बाहेरच्याला पैसे आणि आपल्याला आशीर्वाद. वामनदादांनी आयुष्यभर गावोगाव गाऊन जे दारिद्र्य सोसले ते याच हिशेबाने. वायनरीचा मालक धम्म मानत नसेल, पण वादन संपल्यावर पैसे देतो, आणि ते आपण देत नाही तोपर्यंत आपल्या पोरांना तिथून उठ म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

शेवटी दोघांना प्रत्येकी पंधराशे असे ठरले, शनिवारच्या दराने. तीन हजारांपैकी एकवीसशे जमले आहेत. पहिले शंभर त्याच्या आईने दिले, ते ज्येष्ठ अजून विचार करताहेत.